चौतिसाव्या पानावरचा मानव

मित्रांनो, मी पाचवीचे एक जुने पाठ्यपुस्तक आहे. माझा जन्म छापखान्यात झाला, पण माझे कान दुमडले ते सोलापुरात. आमच्या शाळेत वर्ष संपले की पुस्तके परत घेऊन पुढच्या मुलांना देतात. त्यामुळे मी कायम पाचवीतच आहे.

माझ्या चौतिसाव्या पानावर निसर्गाचा धडा आहे. त्यात झाडे तोडतो मानव, ओढे बुजवतो मानव, आणि शेवटी सगळे जपायचे तेही मानवानेच. या गृहस्थाचा पत्ता मात्र कुठेच छापलेला नाही. मुख्याध्यापक बसलिंगप्पा सर हा धडा तळमळीने शिकवत. "किती दुष्ट हाय बघा हा मानव!" म्हणत चष्मा पुसत. मुलांनाही त्याचा राग येई. तो आपल्या गल्लीत राहत नाही, याचे समाधानही वाटे.

यंदा सरांनी मोटार घेतली. ती शाळेच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली लावली, तर पाखरे घाण करू लागली. म्हणून लिंब तोडून तिथे सावलीसाठी पत्र्याची शेड घालायचे ठरले. त्याच लिंबाखाली मुले खिचडी खात.

झाड तोडायच्या आदल्या दिवशी, यंदा मी जिच्या वाट्याला आलो त्या तेजश्रीने मला उघडले. 'मानव झाडे तोडतो' यातला मानव पेनाने खोडला आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिले, 'मुख्याध्यापक बसलिंगप्पा सर'. मग आदराने 'तोडतो'चे 'तोडतात' केले.

सरांनी ते वाचले.

"हे काय लिवलंस गं?"

"सर, तुमीच म्हणता की, उत्तर पूर्ण लिवा."

"अगं, हे पुस्तक पुढच्या पोरांकडं जाणार हाय!"

"व्हय सर. त्यास्नी पण कळंल की."

सरांनी खोडरबर घासला. शाई हलेना, माझेच कातडे सोलवटले. सरांनी खिडकीतून लिंबाकडे पाहिले. सकाळी करवतवाला आला, त्याला सरांनी चहा पाजून परत पाठवले. मोटारीवर जुनी चादर आली.

"आता तरी माझं नाव खोड," सर म्हणाले.

"राहू द्या की सर. लिंब उभा हाय तवर ते खोटंच हाय."

मित्रांनो, मला कव्हर घाला, माझे कान दुमडू नका. पण माझ्यात कुठे मानव भेटलाच, तर त्याचे पूर्ण नाव लिहायला विसरू नका. फक्त पेन्सिलीने लिहा. बिचाऱ्याला सुधारायला जागा राहते.