जुन्या फिल्मचा लिफाफा

एमआरआयचे रिपोर्ट लिहिण्यात डॉक्टरांची हयात गेली होती. चुका त्यांच्याही हातून झाल्या असतील, पण आजवर एकही परत त्यांच्या टेबलापर्यंत आली नव्हती. आज आली, ती एका पिवळ्या लिफाफ्यातून.

पेशंट किल्ल्या बनवणारा होता. आठवड्यापूर्वी दुकानातच त्याला फिट आली. बायको कागदाचा कपटाही न टाकणारी. सहा वर्षांपूर्वी त्याचं डोकं दुखायचं, तेव्हाची फिल्म तिने कपाटात जपून ठेवली होती. सोबतच्या रिपोर्टमध्ये 'मेंदूत दोष नाही' असं लिहिलेलं आणि खाली सही याच डॉक्टरांची.

आज स्क्रीनवर उजव्या कपाळामागे गाठ दिसत होती. शिरेतून औषध देऊनही ती उजळली नव्हती, भोवती सूजही नव्हती. ही लक्षणं बहुधा मवाळ, म्हणजे लो-ग्रेड गाठीची. डॉक्टरांनी जुनी फिल्म उजेडावर धरली. त्याच जागी डाळीएवढा पांढुरका ठिपका होता.

म्हणजे सहा वर्षांत डाळीचं जेमतेम द्राक्ष झालं होतं. वाढ इतकी संथ आहे हे कळणं सर्जनसाठी लाखमोलाचं होतं. पण ते सांगायचं तर स्वतःची चूकही चव्हाट्यावर येणार. बोटांनी सवयीने टाइप केलं, 'तुलनेसाठी जुनी फिल्म उपलब्ध नाही.' लिफाफा कोपराशीच पडला होता. डॉक्टरांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी ते वाक्य खोडून लिहिलं, 'जुन्या फिल्मवर हीच गाठ लहान आकारात दिसते. वाढ अतिशय मंद.'

मग रिपोर्ट छापून घेतला आणि नवराबायकोला आत बोलावून सगळं सांगितलं. नक्की काय ते गाठीचा तुकडा तपासल्यावरच कळेल, हेही. किल्लीवाला चक्क हसला. तेव्हाच कळलं असतं तर सहा वर्षं धड झोप लागली नसती, म्हणाला. डॉक्टरांना हायसं वाटलं.

बायको हसली नाही. तेव्हा काढली असती तर, असं तिने विचारलं. सोपं गेलं असतं, डॉक्टरांनी कबूल केलं. तिने रिपोर्ट ओळ न् ओळ वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"गाठ दिसते, असं लिहिलंय. कुणाला दिसली नव्हती, ते कुठंय?"

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि खाली लिहिलं, 'तेव्हा ती माझ्या नजरेतून सुटली.' सहीला आज वेळ लागला. शाई वाळेपर्यंत बायको थांबली, मग तिने तो कागद लिफाफ्यात जुन्या रिपोर्टशेजारी ठेवला.