मधल्या मजल्यावरचं गाणं

हौसेनं गाणी रचणारी माणसं एका खोलीत बसवली, की प्रत्येकाला आपलं ऐकवायचं असतं आणि दुसऱ्याचं ऐकायची वेळ आली की घड्याळ आठवतं. पण ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या खोलीत दर रविवारी सकाळी जमणारी मंडळी जरा वेगळी होती. खोली मास्तरांची. मास्तर आठवडाभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचे आणि रविवारी जुना कीबोर्ड काढून मोकळे व्हायचे. भिंतीवर वळणाचे, उताराचे, हॉर्न वाजवू नका असे फलक होते. शिकवणीसाठी टेबलावर एक स्टिअरिंग ठोकलेलं होतं, त्यावर ताल मात्र झकास धरता यायचा.

इथं एकच रीत होती. गाणं संपलं की टाळ्या नाहीत, 'छान छान' नाही आणि चुकाही काढायच्या नाहीत. ज्याच्या डोक्यात जी ओळ राहिली ती त्यानं परत म्हणून दाखवायची. काहीच राहिलं नसेल तर गपचूप चहा प्यायचा. मास्तर याला 'पोच' म्हणत. गाणं पोचलं, ही त्याची पोच.

लिफ्टदादाला दोन वर्षं पोच मिळालेली नव्हती. पंचेचाळिशी ओलांडलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस दर महिना-दोन महिन्यांनी एक गाणं घेऊन यायचा, मान खाली घालून म्हणायचा, आणि मग खोलीत फक्त चहाचे घोट ऐकू यायचे. बेकरीवाले काका तेवढे प्रेमानं बिस्किटांचा डबा त्याच्याकडे सरकवायचे. ते बिस्कीट खाताना त्याला काय वाटत असेल, हे ज्याचं गाणं असं पडलंय त्यालाच विचारावं. तरी गडी यायचा सोडत नव्हता.

आणि महिन्याभरापूर्वी त्याला एक गाणं सुचलं. एका इमारतीत दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्टच्या टपावर तो बसला होता, हात ग्रीसनं माखलेले, मदतनीस पाना आणायला गेलेला. तेवढ्यात ओळी चालीसकट आल्या.

वर कुणीतरी वाट बघतंय,
खाली कुणाला घाई नाही,
मधल्या मजल्यावरती माझं
म्हणावं असं काही नाही.

बाकीची गाणी त्यानं महिनोन्‌महिने घासून काढली होती. हे आयतं आलं. रविवारी त्यानं ते म्हटलं, आणि पोच द्यायला चक्क भांडणं लागली. काकांनी पहिली ओळ म्हटली, मास्तरांनी दुसरी, आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून अख्खं कडवंच म्हणून टाकलं. लिफ्टदादाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी जाताना तो लिफ्ट असूनही जिन्यानं चढला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढं मंडळींनी ठरवलं, की आता बाहेरच्या लोकांसमोर गाऊन बघायचं. वाचनालयाचा छोटा हॉल मिळाला, दोन आठवड्यांनंतरच्या रविवारची तारीख ठरली, आणि पहिलं गाणं लिफ्टदादाचं असं एकमतानं ठरलं. सगळं सुरळीत चाललं होतं. तिथंच माशी शिंकली.

शुक्रवारी दुपारी तो पाण्याच्या टाकीजवळच्या एका इमारतीत कामाला होता. लिफ्ट आठवडाभर बंद पडलेली. चौथ्या मजल्याचं दार उघडं ठेवून तो टपावर उभा होता, म्हणजे त्याचं डोकं बरोबर मजल्याच्या फरशीच्या पातळीला येत होतं. समोर त्याला एक काठी आणि दोन सपाता दिसल्या. कुणी आजी लिफ्ट सुरू होईल या आशेनं येऊन उभ्या होत्या. उभ्या उभ्या त्या काहीतरी गुणगुणत होत्या.

लिफ्टदादाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. चाल त्याची होती. शब्द नव्हते, नुसतं 'हं हं', पण पहिल्या ओळीची चढण तीच, दुसऱ्या ओळीतला थांबा तोच. फक्त शेवटच्या 'नाही'ला तो स्वर वर न्यायचा, तिथं आजी खाली उतरल्या.

"आजी, हे कुठलं गाणं हो?"

"अगं बाई, गात होते का मी?" आजी तोंडावर हात धरून हसल्या. "असेल काहीतरी जुनं."

"पण कुणाचं? कुठं ऐकलंत?"

"ते नाही बाबा आठवत. पण जुनंच असणार. आताच्या गाण्यांना कुठं अशी चाल असते?"

दुसऱ्या कुणाला हे ऐकून गुदगुल्या झाल्या असत्या. लिफ्टदादा मात्र हिशोब करायला लागला. आजींशी त्याची ओळख ना देख. त्या काही त्याचं गाणं ऐकायला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आल्या नव्हत्या. म्हणजे चाल आधीपासूनच होती. लहानपणी कुठंतरी कानावर पडली असेल, डोक्याच्या कोपऱ्यात पडून राहिली असेल आणि त्यानं ती आपली म्हणून खपवली. तरीच इतकी सोपी आली! आणि शेवटचा स्वर खरा तर खाली जायचा असणार, तो त्यानं वर नेऊन बिघडवला. चोरी केली ती केली, तीही धड जमली नाही.

त्याला कॅशियर आठवला. मागं एक कॅशियर मंडळीत यायचा. एकदा त्यानं आणलेलं गाणं काकांनी पहिल्या दोन ओळींतच ओळखलं. जुन्या गाण्याचा वेग कमी करून त्यानं आपले शब्द बसवले होते. काका बोलायला नको ते बोलून गेले, सगळे हसले, आणि कॅशियरनं अर्धा कप चहा टेबलावर ठेवून जी वाट धरली ती धरली. मास्तर दोनदा त्याच्या घरी जाऊन आले, पण तो आला नाही. त्या दिवशी लिफ्टदादाही हसला होता. आता आपला नंबर, त्याला वाटलं.

घरी थोरली बहीण होती. ताई पाळणाघर चालवायची, आणि दिवसभर पोरांमध्ये राहून तिचा भावाशी बोलण्याचा सूरही तोच झाला होता.

"ताई, खरं सांग. हे तू आधी कधी ऐकलंयस?" त्यानं चाल गुणगुणून दाखवली.

"ऐकलंय तर!"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "कुठं?"

"तुझ्या तोंडून. महिनाभर. कान किटले माझे."

"त्याच्या आधी गं. लहानपणी वगैरे?"

ताईनं भाजी चिरता चिरता विचार केला. "आता तू असं विचारल्यावर मला जन्मापासून ऐकल्यासारखं वाटतंय, बाळ्या."

झालं. उरलासुरला धीरही गेला. त्यानं ताईला सगळं सांगितलं आणि वर जाहीर केलं, की रविवारी जायचं नाही, फोन उचलायचा नाही, ताप आलाय म्हणून कळवायचं.

"आणि पुढच्या रविवारी हॉलमध्ये पन्नास माणसांसमोर कुणी उठून म्हणालं, हे तर अमक्याचं गाणं, तर? मास्तरांनी तोंड कुठं लपवायचं?" ताईनं सुरी खाली ठेवली. "जा आणि सांगून टाक. वाईट वाटेल, रडू येईल, ये घरी, मी आहे."

रविवारी तो गेला तेव्हा खोलीत नुसता उत्साह सांडत होता. काका नवा शर्ट घालून आले होते, रंगीत तालीम म्हणून. डॉक्टरीणबाई स्टिअरिंगवर बोटं वाजवत होत्या. मास्तर कीबोर्डची वायर सरळ करत म्हणाले, "या या, आजचे मानकरी! चला, तुमच्यापासूनच सुरुवात."

"ते गाणं माझं नाही," लिफ्टदादा दारातूनच म्हणाला.

बोटं थांबली.

त्यानं सगळं सांगून टाकलं. चौथा मजला, आजी, 'जुनंच आहे'. सांगताना त्यानं कुणाकडे बघितलं नाही. वळणाच्या फलकाकडे बघत राहिला. "मुद्दाम नाही केलं हो," शेवटी तो म्हणाला. "मला खरंच वाटलं, मला सुचलं."

कॅशियर सगळ्यांनाच आठवला असावा, कारण या वेळी कुणी हसलं नाही. काकांनी तर बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"मी ऐकलेलं नाही," काका हळूच म्हणाले. "आणि मी ऐकलं नाही असं जुनं गाणं म्हणजे... असेलही म्हणा. पण मला नाही वाटत."

"आजी तोंडपाठ म्हणत होत्या, काका."

"बसा आधी," मास्तर म्हणाले. "आणि त्या कशा म्हणत होत्या ते जसंच्या तसं म्हणून दाखवा. त्यावरून काका काढतील शोधून. झालंच तर ज्याचं असेल त्याचं नाव घेऊन गाऊ. त्यात काय एवढं?"

लिफ्टदादा बसला. घसा खाकरून त्यानं आजींसारखं गुणगुणायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. शेवटी त्या उतरल्या होत्या तसा तो खाली उतरला.

काका ताडकन उठले. "परत! शेवटचं परत म्हणा."

त्यानं परत म्हटलं.

"अहो, ही तर बाईंची चूक!" काकांनी डॉक्टरीणबाईंकडे बोट केलं. "महिनाभर माझा कान तिथं ठेचकाळतोय. सगळे वर जातात आणि बाई एकट्या खाली. चुका काढायच्या नाहीत म्हणून मी जीभ चावून बसलोय!"

"मी?" डॉक्टरीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मी खाली जाते?"

"दर वेळी," मास्तर नाइलाजानं म्हणाले.

"पण त्या आजी आणि मी..." बाई बोलता बोलता थांबल्या. "लिफ्टदादा, टाकीजवळची इमारत म्हणालात ना? आजी हसताना तोंडावर हात धरतात?"

"हो."

"चौथा मजला?"

"हो."

"अहो, त्यांची कवळी मीच बसवतेय! सहा-सात खेपा झाल्या, खालची काही केल्या बसेना. घासायची, लावून बघायची, परत घासायची. तासतासभर त्या माझ्या खुर्चीत." बाईंनी कपाळाला हात लावला. "आणि मी सारखं तुमचं गाणं म्हणत असते. मास्कच्या आत, नुसतं हं हं. पेशंटचं तोंड उघडं, त्यामुळे गप्प बसा म्हणायचीही सोय नाही बिचाऱ्यांना. गुरुवारीच आजींचा फोन होता, लिफ्ट बंद आहे, पुढच्या खेपेला येता येत नाही म्हणून."

लिफ्टदादा फलकावरून नजर काढून बाईंकडे वळला. मग त्यानं विचारलं, "म्हणजे त्यांनी ते तुमच्याकडून..."

"दुसरीकडून कुठून येणार? माझी चूक त्यांच्या गळ्यात कशी गेली असती मग?"

लिफ्टदादाचा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, त्याचा आवाज आला असं म्हणायला हरकत नाही, कारण तो ओंजळीत तोंड धरून मोठ्यानं रडायला लागला. दोन दिवस आणि दोन रात्री छातीवर ठेवलेलं ओझं त्यानं खाली टाकलं. काकांनी डबा सरकवला. या वेळी त्यानं एक सोडून चार बिस्किटं घेतली.

"महिनाभर मी चुकीचं म्हणतेय आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?" डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या. "काकांचं सोडा, गाणं तुमचं होतं."

"तुम्ही म्हणत होतात, हेच खूप होतं मला," तो तोंड पुसत म्हणाला. "त्यात आणखी वर काय, खाली काय. आजींकडून ऐकलं तेव्हा भीतीपायी तुमचं आठवलंही नाही."

"बरं, आता हॉल आठ दिवसांवर आलाय," मास्तर म्हणाले. त्यांचेही डोळे ओलसर होते, म्हणून त्यांनी आवाज उगाच मास्तरांसारखा केला. "सगळे मिळून एकदा म्हणू या."

सूर लागला. वर कुणीतरी वाट बघतंय. खोली भरून गेली. लिफ्टदादा स्वतः म्हणत नव्हता, नुसता ऐकत होता, आपलं गाणं दुसऱ्यांच्या गळ्यांतून कसं येतं ते. मधल्या मजल्यावरती माझं म्हणावं असं काही... आणि डॉक्टरीणबाई, एवढं रामायण होऊनही, सवयीनं खाली उतरल्या.

"थांबा!"

स्टिअरिंगवर थाड्‌कन हात आपटला होता. सगळे दचकले. सगळ्यांत जास्त लिफ्टदादा दचकला, कारण हात त्याचाच होता.

"वर," तो म्हणाला. "तिथं वर जायचं, बाई. खाली गेलं की रडगाणं होतं. तो माणूस रडत नाहीये. त्याचं काही नाही, म्हणून तर तो मोकळा बसलाय मजेत. वर न्या. आणि काका, तुम्ही दुसऱ्या ओळीत घाई करता. 'घाई नाही' म्हणताना घाई करायची का माणसानं? महिनाभर सांगायचं राहिलंय. मास्तर, परत पहिल्यापासून."

दोन वर्षांत हा माणूस गाण्याबद्दल एकदम इतकी वाक्यं कधी बोलला नव्हता. मास्तरांनी मुकाट्यानं पहिला सूर धरला.

"आणि आजींचं काय?" डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या. "त्या तर आता जन्मभर खालीच जाणार."

"उद्या त्यांच्याच लिफ्टवर आहे मी," लिफ्टदादा म्हणाला. "सांगतो त्यांना. म्हणायचं तर नीट म्हणा, आजी. माझं गाणं आहे ते."