नंदाखाल डायव्हिंग क्लबची एकुलती एक सहल

सॅन्टन कुवेतहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याने टेपरेकॉर्डर आणला असता तर आमच्या नंदाखालमध्ये कुणी वळूनही पाहिलं नसतं. ब्याऐंशी साली तो घरोघरी झाला होता. त्याने आणले पायात घालायचे रबरी पंख, काचेचे मुखवटे आणि श्वास घ्यायच्या वाकड्या नळ्या. त्याच्या कंपनीचा डायव्हिंग क्लब सायप्रसच्या बेटावर सहलीला गेला होता. "पाणी असं, की तळाच्या वाळूतला खेकडा वरून दिसतो," असं तो चर्चमधली मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर सांगायचा, आणि आम्ही जेवण विसरून ऐकत बसायचो.

आपणही क्लब काढायचा, ही अक्कल माझी. सेक्रेटरीही मीच झालो, कारण पोस्टात नोकरी असल्यामुळे मला रबरी शिक्का बनवून आणणं सोपं होतं. हवेचे सिलिंडर मात्र नव्हते. ते सॅन्टनच्या पुढच्या सुट्टीत येणार होते. सायप्रस लांब, पण अर्नाळ्याचं बेट समोरच होतं.

माझ्या उत्साहाचं खरं कारण वेगळंच होतं. आमच्या क्लबातल्या गॅब्रिएलची बहीण इझाबेल मुंबईत नर्स होती आणि सहलीला तीही येणार होती. हे कळल्यापासून मी रोज मुखवटा लावून आरशासमोर उभा राहायचो. पोहायला मी शिकलो होतो वाडीतल्या बावखलात, म्हणजे जिथे थकलं की हात लांब करून काठ धरता येतो अशा डबक्यात.

एप्रिलच्या एका रविवारी भाड्याची होडी बेटाजवळ नांगरली. इझाबेल छत्रीखाली सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, खात बसली होती. सॅन्टन म्हणाला, "नळी वर, तोंड खाली. आणि घाबरून सारखं डोकं वर काढायचं नाही."

ती बघतेय म्हटल्यावर मी घाबरणार कसा? मी उडी मारली.

खाली चहा होता, दूध जास्त झालेला. खेकडा सोडा, मला माझा हातही दिसेना. पण डोकं वर काढलं तर होडीतले हसतील, म्हणून मी पंख मारत राहिलो. ओहोटीचं पाणी मला ओढून नेत होतं आणि मला वाटत होतं, काय सुरेख वेग पकडलाय आपण! मानेला काहीतरी बुळबुळीत लागलं, तसा मी आणखी जोरात सुटलो.

"ए बाबा, उठ की! गुडघाभर पान्यात काय लोलतंस?"

मी उभा राहिलो. पाणी खरंच गुडघाभर होतं. होडी कुठेच दिसत नव्हती. मी खडकांना वळसा घालून बेटाच्या दुसऱ्या अंगाला आलो होतो. किनाऱ्यावर एक कोळीण बोंबील वाळत घालत होती. तिचं नाव कमळी.

"काय हरवलंय काय तुझं?"

"नाही मावशी, मासे बघायला आलोय."

"बघाया?" तिने वाळणाऱ्या बोंबलांकडे बोट केलं. "मंग हे बघ ना. भिजलास कशाला?"

तिने मला पडवीत बसवून भाकरी आणि भाजलेला बोंबील दिला. मी दुसरी भाकरी मागितली, तेव्हा तिकडे होडीवर माझ्यासाठी रोझरीची प्रार्थना चालू होती. सॅन्टन रडत रडत बुड्या मारत होता. हे मला काय ठाऊक!

पोट भरल्यावर मी बेट ओलांडून पलीकडे निघालो. पंख हातात घ्यावेत, एवढंही सुचलं नाही. फटाक फटाक करत, हातात उरलेला बोंबील घेऊन मी वाळूवरून येताना दिसलो आणि होडीवर एकच आरडाओरडा झाला. इझाबेल साडीसकट पाण्यात उतरून धावत आली. मी हात पसरले. तिने आधी माझी नाडी बघितली. ती नीट चालली आहे अशी खात्री झाल्यावर माझ्या कानफटात मारली.

"हिलरी, मी रोज माणसं जाताना बघते," ती ओरडली, "पण जाऊन बोंबील चघळत परत आलेला एकही बघितला नाही!" आणि मग ती तिथेच वाळूत बसून रडायला लागली. मी बोंबील कुठे ठेवावा, या विचारात उभा.

परतताना ती एकच वाक्य बोलली. "मी नवस बोललेय. तू सापडलास तर रमेदीच्या चर्चला अनवाणी चालत जाशील."

"मी?"

"मग काय मी? बुडालं कोण?"

क्लब त्याच दिवशी बुडाला. सॅन्टनच्या आईने मुखवटे माळ्यावर टाकले. पुढच्या रविवारी मी तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी निघालो, आणि नवस नीट फिटतो की नाही हे बघायला इझाबेल चपला घालून सोबत आली. वाटेत निर्मळच्या तळ्यापाशी मी पाय गार करायला वळलो.

"पाण्यापासून लांब राहा," ती म्हणाली आणि मागून माझा शर्ट धरला. रमेदी येईपर्यंत तिने तो सोडला नाही.