सासऱ्यांच्या गाडीची चाकं

जावई दातांचा डॉक्टर होता, त्यामुळे तळहाताएवढ्या गाडीच्या चाकांवरचे नट रंगवणं त्याला जड गेलं नाही. टूथपिकच्या टोकाने त्याने एकेक नट चंदेरी केला आणि मधल्या फटींत पातळ काळा रंग सोडला. सासऱ्यांनी विकून टाकलेल्या जुन्या गाडीची ही प्रतिकृती होती. लग्नापासून त्यांच्या तोंडून जावयाबद्दल एक बरा शब्द निघाला नव्हता. तो आता तरी निघेल, अशी त्याला आशा होती.

सासऱ्यांनी भिंग लावून चारही चाकं तपासली.

"जावईबापू, पेशंटचे दात घासल्यासारखी घासलीत की! माझी गाडी एवढी स्वच्छ कधी होती?"

"बाबा, अहो, डोळे फोडून रंगवलंय त्यांनी," बायको म्हणाली.

जावयाने तपकिरी रंग कालवला आणि चकचकीत नटांवर चिखल उडवायला घेतला. जीव तुटत होता, पण त्याने एकही नट सोडला नाही.

सासरे खुर्ची ओढून जवळ बसले.

"मागच्या चाकांना जास्त लावा. हां, आता जमतंय तुम्हाला."

हे ऐकून जावयाने हावरटासारखा मागचा बंपरही माखून टाकला.