बॉल उचलायचा नाही

ज्योत्स्ना खरातनं गोल्फ शिकायचं ठरवलं ते उद्योजक संघटनेच्या मीटिंगमध्ये, चहाचा कप हातात असताना, भर रागात. तोवर तिनं गोल्फ फक्त टीव्हीवर पाहिला होता, तोही चॅनल बदलता बदलता.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत तिचा पिशव्यांचा कारखाना होता. बियाणं कंपन्यांना लागतात त्या छापील पिशव्या. आतून चकचकीत थर, वर भेंडीचं नाहीतर मिरचीचं चित्र. अकरा वर्षं झाली होती. चौदा माणसं कामाला होती. छोट्या कंपन्यांची कामं बऱ्यापैकी मिळायची, पण जिल्ह्यातल्या एका मोठ्या कंपनीचं काम काही केल्या मिळत नव्हतं. दरवर्षी ती कोटेशन द्यायची, नमुने द्यायची, आणि दरवर्षी ऑर्डर संपतकडे जायची. संपत म्हणजे संघटनेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांचा पुतण्या. त्याचाही धंदा पिशव्यांचाच.

त्या दिवशी मीटिंग संपल्यावर तिनं अण्णासाहेबांना सरळ विचारलं, "माझा दर कमी, माल बरा. मग कुठं अडतंय?"

अण्णासाहेब मोठे बागायतदार, दोन रोलिंग मिलचे मालक, आवाज मऊ. ते म्हणाले, "मॅडम, हे असलं कागदावर होत न्हाई. रविवारी सकाळी आम्ही चार माणसं गोल्फ खेळतो. कंपनीचे खरेदीवाले प्रेम सर तिथं असतात. चालता चालता बोलणं होतं. आता तुम्ही काय तिथं यायच्या न्हाईत."

बाजूचे दोघंतिघं हसले. कुणी वाईट हसलं असंही नाही. तेच तिला जास्त लागलं.

"का यायची नाही?" तिनं विचारलं.

अण्णासाहेबांनी बिस्किट चहात बुडवलं आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागले.

गोल्फचं मैदान होतं बदनापूरच्या पुढे. एका बिल्डरनं रिसॉर्टला लागून नऊ होलचं मैदान केलेलं, तीन बाजूंनी मोसंबीच्या बागा. ज्योत्स्ना दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिथं गेली. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं की शिकवणारे सर पुण्याहून येतात, फक्त रविवारी. म्हणजे अण्णासाहेबांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या डोळ्यांदेखत पहिल्यांदा काठी फिरवायची. ज्योत्स्ना बाहेर आली आणि गाडीपाशी उभी राहून विचार करू लागली.

समोर एक माणूस गवत कापायच्या मशीनवरून उतरत होता. साठीचा, काटक, डोक्याला रुमाल. त्यानं आतलं बोलणं ऐकलं असावं.

"शिकायचंय का ताई?"

"शिकायचंय. पण लोकांसमोर नाही."

तो कारभारी. गाव परतूरकडचं आष्टी. बावीस वर्षं पुण्याच्या एका गोल्फ मैदानावर त्यानं गवत कापलं होतं, आणि संध्याकाळी साहेब लोक गेले की फेकून दिलेल्या स्टिकनं चारदोन बॉल मारले होते. बायको आजारी पडली म्हणून तो परत आला होता. आता बदनापुरात साडूकडे राहायचा.

"मी दाखवतो. पन हितं न्हाई," तो म्हणाला. "हितं आमाला गवताला हात लावायचा, स्टिकला न्हाई. साडूचं रान मोकळं पडलंय. सोयाबीन निघाल्यापासून पेरलं न्हाई त्यानं. तिकडं या."

असं तिचं शिक्षण सोयाबीनच्या रानात सुरू झालं. काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या. बॉल मारला की कधी उडायचा, कधी जागेवरच गोल फिरायचा, कधी भेगेत असा जायचा की दोघं गुडघ्यावर बसून काडीनं काढायचे. पहिल्या दिवशी तिनं साठ वेळा स्टिक फिरवली. त्यातल्या चाळीस वेळा नुसती हवा कापली.

"कुदळ मारून राह्यल्या तुम्ही," कारभारी म्हणाला. "खाली जोर न्हाई लावायचा. लेकराचा हात धरून रस्ता वलांडता ना, तेवढंच धरायचं. घट बी न्हाई, ढिलं बी न्हाई."

"काका, मला राग येतोय."

"मंग येऊ द्या. फक्त खांद्यात आणू नका."

आठवड्यातून तीन सकाळी ती जालन्याहून बदनापूरला यायची आणि साडेनऊला कारखान्यात हजर असायची. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. बांधावर माणसं जमायला लागली. एक म्हातारी रोज शेळ्या घेऊन यायची आणि शेळ्या सोडून हिच्याकडेच बघत बसायची. कारभारीनं तिला खेळापेक्षा रीतच जास्त शिकवली. दुसरा मारत असताना हलायचं नाही. त्याच्या ओळीवर पाय द्यायचा नाही. उपटलेला गवताचा तुकडा परत बसवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जल्दी चालायचं. "नवीन मानूस वाईट खेळतो म्हनून कुनी चिडत न्हाई," तो म्हणायचा. "टाइम खातो म्हनून चिडतंय. तुमची बारी यायच्या आधी तुम्ही तयार पायजेत."

घरी नागसेनला, तिच्या नवऱ्याला, हे पटत नव्हतं. तो कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा, शांत माणूस.

"त्यांच्या पंगतीत बसायला तू त्यांच्यासारखी होणार का?" त्यानं एकदा विचारलं. "आपल्याला शोभतं का ते?"

"मग कुणाला शोभतं ते सांग."

त्यानं हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं.

"मला त्यांच्यासारखं व्हायचं नाहीये," ती म्हणाली. "जिथं माझ्या धंद्याचं ठरतं तिथं मला उभं राहायचंय. ती जागा शेतात असती तर मी शेतात गेले असते, देवळात असती तर देवळात."

"देवळात तू गेली नसतीस," नागसेन म्हणाला, आणि दोघंही हसली.

फेब्रुवारीत संघटनेचे मैत्रीपूर्ण सामने होते. ज्योत्स्नानं फी भरून नाव दिलं. यादी लागली तेव्हा तिचं नाव अण्णासाहेबांच्याच गटात होतं. अण्णासाहेब, संपत, प्रेम सर आणि ती. गंमत बघायची म्हणून केलं असणार, हे तिला कळलं. पण तिला हवं होतं तेच झालं होतं.

सकाळी सातला तिघं आले. सगळ्यांच्या पायात पांढरे बूट. तिनं शाळेच्या पीटीचे असतात तसले कॅनव्हासचे घातले होते. प्रेम सर पस्तिशीचे, चष्मा, बोलायला नम्र. त्यांनी नमस्कार केला. संपतनं तिच्या जुन्या स्टिककडे पाहून घेतलं.

तिचा पहिला बॉल पंधरा फूट गेला. संपत खोकला. ती चालत गेली, तिथून मारला, तो बराच लांब पण तिरका गेला. पहिल्या होलला तिचे नऊ झाले. दुसऱ्याला दहा. पण तिच्यामुळे कुणाला थांबावं लागलं नाही. ते गप्पा मारत चालत तोवर ती पुढे जाऊन बॉलपाशी उभी असायची.

तिसऱ्या होलला बॉल वाळूच्या खड्ड्यात पडला. तिनं मारला, तिथंच राहिला. परत मारला, तिथंच.

"उचला मॅडम," अण्णासाहेब प्रेमळपणे म्हणाले. "दहा धरू आपण. नवीन माणसाचं चालतं तसं."

ज्योत्स्ना खड्ड्यात उभी होती. घोट्यापर्यंत वाळू. ती अकरा वर्षं हेच ऐकत आली होती. मॅडम, यंदा राहू द्या. मॅडम, तुमचं धरलंच आहे समजा. शाळेतही, तीर्थपुरीला, वक्तृत्व स्पर्धेत गुरुजींनी तिला पाठीवर थाप मारून खाली बसवलं होतं, भाषण अर्धं असताना, खूप छान खूप छान म्हणत.

"नाही," ती म्हणाली. "मी पूर्ण करते. होतील तितके मोजा."

तिला एकूण तेरा लागले. तिनं स्वतःच मोठ्यानं सांगितलं, "तेरा," आणि प्रेम सरांनी कार्डावर लिहिलं.

पाचव्या होलला चालताना संपत आणि प्रेम सर तिच्या पुढे दहा पावलांवर होते. ते हळू बोलत नव्हते. ती तिथं आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं, की असूनही चालतं असं त्यांना वाटत होतं, कोण जाणे.

"पिशव्यांच्या चाचणीचा सोपस्कार पुढच्या आठवड्यात उरकून घेऊ," संपत म्हणाला. "मागच्यासारखंच."

"मॅडमचंही कोटेशन आहे ना?"

"येतं की दरवर्षी. त्यांचं काय, त्यांना सरकारी योजना असतात. त्यांचं चाललंच."

ज्योत्स्नाच्या कानशिलाला गरम वाटलं. तिची बारी होती. ती बॉलपाशी थांबली, श्वास घेतला, खांदे सैल सोडले. त्या दिवसातला तिचा एकच चांगला फटका तो. बॉल वर गेला आणि भोकापासून आठ-दहा पावलांवर पडला. तिनं दोन फटक्यांत तो भोकात घातला, बॉल काढला, आणि मग हिरवळीच्या कडेला तिघांसमोर उभी राहिली.

"संपतराव, पहिलं मशीन मी योजनेतूनच घेतलं. लपवायचं काय त्यात? योजनेनं मशीन दिलं, पिशवी मी बनवते. बोलायचं तर पिशवीबद्दल बोला."

"मॅडम, मी तसं म्हणत नव्हतो—"

"मग कसं म्हणत होता?"

संपतनं हातातली स्टिक रुमालानं पुसायला घेतली.

ती प्रेम सरांकडे वळली. "सर, गेल्या पावसाळ्यात परतूरच्या गोदामात तुमच्या भेंडीच्या पिशव्यांचे जोड सुटले. बियाणं ओलं झालं, दुकानदारांनी परत पाठवलं. मला दुकानदारांनीच सांगितलं, त्या पिशव्या माझ्या समजून माझ्याकडे भांडायला आले होते. माझ्या नव्हत्या. चाचणी घ्यायची तर खरी घ्या. दोघांच्या पिशव्या पंधरा दिवस पाण्यात ठेवा, तुमच्याच ऑफिसात, तुमच्याच समोर. माझी सुटली तर मी परत कोटेशन देणार नाही."

"मॅडम," अण्णासाहेबांचा आवाज आता तेवढा मऊ राहिला नव्हता, "मैदानावर कुणी असा धंदा काढत नसतं."

"अण्णासाहेब, इथंच ठरतं असं तुम्हीच मला सांगितलं. म्हणून तर चार महिने घालवले मी."

प्रेम सरांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या होलकडे जाऊ या," एवढंच ते म्हणाले.

उरलेले चार होल झपझप उरकले. ज्योत्स्नाचे एकूण ऐंशी झाले. बाकीच्यांचे पन्नासच्या आतबाहेर. फलकावर लिहिणारा म्हणाला, "मॅडम, नवीन लोकांचा आकडा आम्ही टाकत न्हाई, वाईट दिसतं." तिनं त्याच्या हातातला खडू घेतला आणि आपल्या नावापुढे स्वतः ऐंशी लिहिले.

तीन आठवडे प्रेम सरांचा फोन आला नाही. मधल्या काळात संघटनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून तिचं नाव निघालं. कुणी काढलं ते कुणी सांगेना. नागसेन म्हणाला, "आता?" ती म्हणाली, "आता काय. कारखाना चालू आहे."

मार्चच्या शेवटी प्रेम सर न सांगता कारखान्यात आले. मशीन पाहिलं, जोड पाहिले, आणि म्हणाले, "पाण्यात ठेवल्या होत्या. पंधरा नाही, वीस दिवस." भेंडी आणि मिरचीचं काम त्यांनी तिला दिलं. कपाशीचं, म्हणजे खरं मोठं काम, संपतकडेच राहिलं. "ते माझ्या हातात नाही," ते म्हणाले, आणि ते खरं होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"मग पुढच्या वर्षी ज्यांच्या हातात आहे त्यांना भेटते," ज्योत्स्ना म्हणाली.

अण्णासाहेब एका लग्नात भेटले तेव्हा म्हणाले, "झालं ना तुमचं काम? आता गोल्फ सुटला असेल."

तिनं दुसऱ्याच दिवशी जाऊन मैदानाचं वर्षाचं सभासदत्व घेतलं. छापील नियम घरी आणून वाचले. सभासदाला रविवारी एक पाहुणा आणता येत होता. पाहुणा कोण असावा, याबद्दल नियमात काही नव्हतं.

ती कारभारीकडे गेली आणि पाहुणा म्हणून खेळायला येता का, असं विचारलं. त्यानं गवताचं मशीन बंद केलं.

"नोकरी जाईल ताई."

"जाऊ शकते. गेली तर माझ्याकडे काम आहे, पण ते गवताचं नाही, गोदामाचं आहे. तुम्हाला यायचं नसेल तर बिलकुल येऊ नका. मी परत विचारणार नाही."

आठ दिवसांनी त्याचाच फोन आला. "रविवारी सुट्टी टाकली," तो म्हणाला. "साठी झाली माझी. जिंदगीभर ते गवत मी कापलं. उजेडात एकदा तरी बघतो त्याच्यावर उभं राहून."

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. वहीत पाहुण्याच्या रकान्यात तिनं त्याचं पूर्ण नाव लिहिलं. काउंटरवरची मुलगी आत गेली आणि मॅनेजरला घेऊन आली. मागे अण्णासाहेबांचा गट येऊन उभा राहिला होता.

"हा आपला माळी आहे," अण्णासाहेब मॅनेजरला म्हणाले.

"आज पाहुणे आहेत," ज्योत्स्ना म्हणाली. "नियम काढून बघा."

मॅनेजरनं नियम काढले. दोनदा वाचले. मग वही तिच्याकडे सरकवली आणि सहीची जागा दाखवली.

पहिल्या होलला कारभारीनं हात दोनदा विजारीला पुसले. मैदानावर बावीस वर्षं तो अंधार पडल्यावरच खेळला होता, कुणी बघत असताना कधीच नाही. त्यानं मारला आणि बॉल सरळ मोसंबीच्या बागेत गेला.

"काका, दुसरा ठेवा," ती हळूच म्हणाली.

"न्हाई," तो म्हणाला. "जिथं पडलाय तिथं जाऊ. सापडंल."

दोघं बागेकडे निघाली. चालायची सवय होती, झपझप गेली. बॉल सापडायला तरी पाचेक मिनिटं लागली. तेवढा वेळ मागचे चौघं स्टिक टेकवून उन्हात उभे होते.