मागची सीट

"कशी वाटते?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे?"

"म्हणजे बरी."

बाई मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. गाडी शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर स्टँडला उभी होती आणि बाईंनी मांडीवर पर्स दोन्ही हातांनी अशी धरली होती, की जणू कंडक्टर तिकीट मागायला येणार आहे. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे लिफ्टवाले म्हणत, गाडीभोवती एक फेरी मारून आले. वाकून त्यांनी बाईंचे पाय फूटरेस्टवर नीट टेकलेत का, गुडघे फार दुमडत नाहीत ना, ते पाहिलं. निळ्या गाडीवर बाई बरी म्हणाल्या होत्या, राखाडीवरही 'बरी'च म्हणाल्या होत्या. आता ही काळी.

बाईंच्या 'बरी'चा थांग लागणं कठीण होतं. अळणी भाजीला त्या बरी म्हणत. लेकीने स्वतःच नवरा पसंत करून घरी आणला, तेव्हा तो गेल्यावर "मुलगा बरा आहे" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडल्या. इतकी वर्षं संसार करूनही लिफ्टवाल्यांना कोणतं 'बरं' कुठल्या खात्यातलं ते ओळखता येत नसे.

तसा माणूस कानाचा तिखट. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. तळमजल्यावर उभं राहून वरच्या मोटरची घरघर ऐकायची आणि काय बिघडलंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्या कानांमुळे घरात मात्र कुणाची धडगत नव्हती. मोरीतला नळ ठिबकला, पलीकडच्या खोलीत बाई बहिणीशी फोनवर हळू बोलल्या, तरी यांना ऐकू जायचं आणि हे खुर्चीत बसल्या बसल्या मध्येच उत्तर द्यायचे. बाई घरी फारसं बोलत नसत. बालवाडीत दिवसभर पोरांशी बोलून घसा बसतो, असं लिफ्टवाले लोकांना सांगत. बाई निवृत्त झाल्या, तरी घसा काही उघडला नाही. पण ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता तेही निवृत्त झाले होते. जुनी मोटरसायकल बाईंच्या कंबरेने अंग काढून घेतलं तेव्हाच विकली होती. पूर्वी दर रविवारी दोघं तिच्यावरून गावाबाहेर जायचे. कधी धरणाकडे, कधी नुसतंच जिकडे रस्ता जाईल तिकडे. परवा डॉक्टर म्हणाले, "बसायला हरकत नाही, धक्के मात्र नकोत." तेवढ्यावर लिफ्टवाल्यांनी बेत आखला. समुद्राच्या कडेकडेने जायचं, दमलो तिथे मुक्काम करायचा. त्यासाठी मागे बसणाऱ्याला आराम पडेल अशी गाडी हवी.

"साडूभाऊ, माझं ऐका, काळी घ्या," शेजारून आवाज आला.

बाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे लिफ्टवाल्यांचे साडू, सल्लागार म्हणून सोबत आले होते. मोटरसायकलमधलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता आणि तो खोडून काढण्याइतका वेळ कुणाकडे नसे. "सीट बघा केवढी रुंद! ताईंना पाटावर बसल्यासारखं वाटेल."

"सर, रुंद सीटवर पाय फाकतात, मग कंबर धरते," शोरूममधल्या मॅडम म्हणाल्या. "तुम्ही निळी बघा. मागचा शॉकअप दोघांच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येतो. पाठ टेकायला मागे उशी आहे. धरायला दोन्ही बाजूंना दांडे आहेत."

"पण जड आहे," साडू म्हणाले. "उतारावर मागे ढकलताना यांची दमछाक होईल."

"राखाडी हलकी आहे, सर."

"राखाडीला मागे धरायला काय आहे? देवाचं नाव?"

लिफ्टवाल्यांचं डोकं गरगरायला लागलं. लेक फोनवर म्हणत होती, बाबा, सरळ कार घ्या. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं, हे ठीक. पण इथे मन कुणाचं धरायचं? चालवणार हे, बसणार बाई. आणि बाईंना सगळंच बरं.

"चालवून बघा ना सर, मॅडमना घेऊन," मॅडम म्हणाल्या आणि आतून दोन हेल्मेटं घेऊन आल्या. "ही घाला. यात माइक आणि स्पीकर आहे. पुढचा मागचा एकमेकांशी आरामात बोलू शकतो. ओरडायला नको. टूरिंगला जाणारी सगळी जोडपी हेच घेतात."

लिफ्टवाल्यांना ही कल्पना इतकी आवडली की गाडी बाजूलाच राहिली. निळ्या गाडीवर बाईंना घेऊन ते रस्त्यावर आले. गाडी लोण्यासारखी चालली होती. कानात बाईंचा श्वास ऐकू येत होता, इतका जवळ की ते दचकले.

"ऐकू येतंय का गं?"

"येतंय."

"मग बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. पूर्वी मेलं काही ऐकूच यायचं नाही. आता बघ कशी मजा!"

कानात नुसता श्वास. चौक गेला, पूल गेला. बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. शोरूमच्या दाराशी परतल्यावर त्या सावकाश उतरल्या, हेल्मेट काढून मॅडमच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "अहो, राहू दे. मला नाही यायचं."

"कंबर दुखली?"

"नाही."

"गाडी आवडली नाही?"

"गाडीला काय झालंय? चांगली आहे."

चांगली! बाई एखाद्या वस्तूला चांगली म्हणाल्या, आणि तीच नको म्हणाल्या. लिफ्टवाले हातातल्या किल्लीकडे बघत राहिले. साडूंनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी हेल्मेटमध्ये पाहिलं, काही बिघडलंय का म्हणून.

पुढचे काही दिवस लिफ्टवाल्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. भीती वाटली असेल का? जुन्या गाडीवर कधी वाटली नाही. वय झालं म्हणून लोक हसतील असं वाटलं? बाई लोकांना भीक घालणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एकदोनदा विचारून पाहिलं. "उगाच खर्च," बाई म्हणाल्या. पण ते त्यांनी भाजी चिरता चिरता, मान वर न करता म्हटलं. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आईला विचारा ना." जणू तेवढंच करायचं राहिलं होतं.

लिफ्ट कुठे अडलीय ते बाहेरून कळत नसेल, तर स्वतः आत बसायचं आणि दार लावून घ्यायचं, अशी त्यांच्या कामातली रीत होती. त्यांनी साडूंना फोन लावला.

"मला मागे बसायचंय."

"कुठे मागे?"

"त्या निळ्या गाडीवर. तुम्ही चालवा. मागे बसल्यावर काय होतं ते बघतो."

"साडूभाऊ, या वयात मी तुम्हाला मागे बसवून गावभर मिरवू? लोक काय म्हणतील?"

पण आले. शोरूममधल्या मॅडमनी हसू दाबत किल्ली दिली. या वेळी त्यांनी साधी हेल्मेटं घातली आणि शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागले.

मागे बसणं हा प्रकार लिफ्टवाल्यांनी जन्मात केला नव्हता. हातांना काम नव्हतं, पायांना काम नव्हतं. रस्ता दिसतच नव्हता. दिसत होती ती साडूंची पाठ, त्यांच्या शर्टाची कॉलर आणि बाजूने पळणारी झाडं. आधी त्यांना वैताग आला. वेग वाढला तसा वारा कानांवर आदळायला लागला आणि वैताग हळूहळू ओसरला. कुणी आपल्याकडे बघत नाही, कुणी काही विचारत नाही. पुढचा माणूस हाताच्या अंतरावर आहे, त्याच्या अंगाची ऊब लागते आहे, आणि तरी आपण एकटेच आहोत.

"साडूराव," ते म्हणाले, "तुम्ही फार बोलता."

"हो हो! मस्त पळते!" साडू पुढून ओरडले.

लिफ्टवाल्यांना हसू आलं. मग त्यांनी जरा धीर केला. "आमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही भांडलात, ते मी अजून विसरलेलो नाही. वाईट वाटलं होतं मला."

साडूंनी जोरात मान डोलावली. "सीट ना? झकास!"

आणि मग लिफ्टवाले बोलतच सुटले. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात पडला तेव्हा तो तिथेच काढून टाकावासा कसा वाटला, ते सांगितलं. सकाळी उठून कुठे जायचं ते कळत नाही, हे सांगितलं. बायकोला यातलं काही बोललो नाही, ती म्हणेल, एवढा कडक माणूस आणि असा काय झाला, हेही सांगितलं. वारा सगळं घेऊन जात होता. साडू मधूनमधून मान हलवत होते. आणि एकदा ती मान हलली, तेव्हा लिफ्टवाल्यांना एकाएकी जुन्या गाडीवरची आपली पाठ आणि तिच्यामागे बसलेल्या बाई आठवल्या.

घरी आले तेव्हा बाई गच्चीत वाळलेले कपडे काढत होत्या. लिफ्टवाले दोरीच्या अलीकडे उभे राहिले. मध्ये एक चादर होती.

"जुन्या गाडीवर तू मागे बसायचीस, तेव्हा बोलायचीस का गं?"

चिमटे काढणारा हात थांबला.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"बोलायचे," बाई म्हणाल्या.

"रोज?"

"रोज कुठे? रविवारचं जायचो ना आपण. आठवड्याचं साठलेलं असायचं."

"आणि मला ऐकू यायचं नाही."

"म्हणून तर."

लिफ्टवाल्यांना काय वाटावं तेच कळेना. राग यावा तर कशाचा? वाईट वाटावं तर कुणासाठी? "माझ्या तक्रारी करायचीस?"

"तक्रार असती तर घरीच केली असती. तुमची भीती होती की काय?" बाईंनी चादर ओढून काढली आणि दोघं समोरासमोर आले. "काहीही बोलायचे. आईची आठवण. शाळेतलं. एकदा मोठ्या शाळेने बोलावलं होतं मला. त्यांच्या बालवाडीची मुख्याध्यापिका म्हणून."

"तुला? कधी?"

"पोर लहान होती. शाळा परगावी. राहायला खोली देणार होते. धरणाच्या रस्त्यावर सांगितलं मी तुम्हाला. जाऊ का, म्हणून विचारलं."

"मग? मी काय केलं?"

"मान हलवलीत." बाई हसल्या. "खड्डा आला होता."

लिफ्टवाले हसले नाहीत. "घरी येऊन का नाही विचारलंस?"

"घरी विचारलं असतं तर तुम्ही जा म्हणाला असतात. चांगले आहात तुम्ही. मग तोंड एवढंसं करून पोरीची वेणी घालत बसला असतात, आणि मला तिथे ते दिसत राहिलं असतं." त्यांनी चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा. मला जायचं होतं की नव्हतं ते माझं मलाच कळत नव्हतं. मोठ्याने बोललं की कळायचं. त्या दिवशी परत येईपर्यंत कळलं."

"काय कळलं?"

बाईंनी चादरीची घडी घातली. पुढे आल्या, त्यांच्या हातातलं टोक काढून घेतलं आणि चादर गठ्ठ्यावर ठेवली.

लिफ्टवाल्यांना पुष्कळ विचारायचं होतं. इतके रविवार, इतके रस्ते, आणि आपल्या पाठीवर इतकं बोलणं आदळून गेलं. आपण मात्र तेव्हा पेट्रोलचा, टायरचा आणि फार तर चहाचा विचार करत होतो. आपण सुखी जोडपं होतो, असं ते सगळ्यांना सांगत आले होते. ते खोटं होतं का? तसंही वाटेना. मग खरं होतं ते नेमकं काय? त्यांना काही सांगता येईना. कपड्यांचा गठ्ठा उचलून ते बाईंच्या मागून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शोरूममध्ये जाऊन निळी गाडी ठरवली. मागची उशी बाईंच्या पाठीच्या मापाने खाली घ्यायला लावली, शॉकअप मऊ करायला सांगितला.

"आणि ती बोलायची हेल्मेटं, सर?"

"ती नकोत. साधी द्या."

"पण सर, ती या गाडीवर फुकट आहेत."

"तरी नकोत."

"मॅडमना आवडली नाहीत का?"

"काय सांगू," लिफ्टवाले म्हणाले, आणि ते खरंच होतं.

गाडी घरी आली. बाईंनी साधं हेल्मेट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. यांच्याकडे पाहिलं. आत गेल्या आणि बॅग भरायला घेतली.

निघाले ते उजाडल्यावर. शहर संपेपर्यंत बाई गप्प होत्या. सिग्नलला दांड्यांवरचे हात सोडून त्यांनी ओढणी नीट खोचली. मग रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना शेतं आली, वारा सुरू झाला. बराच वेळ काहीच नाही. लिफ्टवाल्यांना वाटलं, आपण विचारून घाण केली. आता ही कधीच बोलणार नाही.

मग उजव्या खांद्यामागे गुणगुण सुरू झाली. आधी अडखळत, मग सलग. शब्द कळत नव्हते. कान आपोआप टवकारले गेले, जन्माची सवय. 'आई' म्हणाली की 'नाही'? 'गेले' की 'केले'? समोर एक भरलेला ट्रक आला आणि गाडीचा वेग उतरला. वारा पडला. बाई वाक्याच्या मध्येच थांबल्या.

गाडी ट्रकमागे रेंगाळली. थोडं असंच हळू राहिलं, तर पुढचं वाक्य ऐकू येईल, असं लिफ्टवाल्यांच्या मनात आलं. फार मनात आलं. समोरून रस्ता रिकामा दिसताच त्यांनी ट्रकला वळसा घातला आणि गाडी पुन्हा वाऱ्यात घातली.

थोड्या वेळाने बोलणं परत सुरू झालं.

डॉक्टरांनी मध्ये थांबून कंबर मोकळी करायला सांगितलं होतं. त्यासाठी ठरवलेली टपरी दिसायला लागली. झाडाखाली बाक होता, आणि बाकावर कुणी नव्हतं. बाई बोलत होत्या. लिफ्टवाल्यांनी मान जराही हलू न देता टपरी मागे जाऊ दिली.