फोटोमागचे ठसे

घर विकायला काढलं तेव्हा रंगाऱ्याला मी एकच अट घातली. मधल्या खोलीतल्या भिंतीचा तेवढा पट्टा रंगवायचा नाही. तिथं विजयमालेच्या बोटांचे कुंकवाचे ठसे होते.

ती औंधची, दुष्काळी गावची. सांगलीत कृष्णेचं पाणी दारात आलं की बायका नदीची ओटी भरतात, हे ती लग्नानंतर इथंच शिकली. पण पाणी उतरल्यावर भिंतीवर ओल जिथवर चढली तिथं कुंकवाची दोन बोटं लावायची, हे तिचं स्वतःचं. एकवीस सालचे ठसे तिच्या कपाळाच्या उंचीवर आहेत. एकोणीस सालचे त्याच्याही वर दीड फूट. ते उमटवायला ती स्टुलावर चढली होती. स्टूल मी धरलं होतं.

गेल्या पौषात ती गेली. तिचा फोटो मुद्दाम मोठा करून घेतला आणि दोन्ही ठशांवर लावला. एजंट बिरदेव खूश झाला. "काका, पाण्याचं कुणी इचारलं तर पायरीला लागतं म्हणायचं." हे घर घेताना आम्हालाही विकणाऱ्यानं पायरीच सांगितली होती.

खोटं बोलायचं का नाही, हे माझं ठरलं नव्हतं. गिऱ्हाईक बघितल्यावर ठरलं.

अनीश आणि ऋचा, विश्रामबागेत भाड्यानं राहणारं तरुण जोडपं. आल्याआल्या त्याला उंबऱ्याची ठेच लागली. "बघून चालावं माणसानं," ती म्हणाली आणि वाकून त्याचा अंगठा बघितला. ते बघून मी जळलो. माझा अंगठा फुटला तर आता कोण वाकणार होतं?

स्वयंपाकघरात ती जागा ठरवायला लागली. "इथं गॅस. तू इथं उभा राहून कांदा चिरायचा."

"रडत?"

"रड की. मी तुझ्या आईला सांगेन, सुखात आहे म्हणून."

दोघं हसले. मनात आलं, येऊ दे एकदा या गॅसपर्यंत पाणी, मग बघतो किती हसताय. पण पाणी आलं तरी हे दोघं मिळूनच डबे माळ्यावर चढवतील, हेही लगेच सुचलं. तेव्हा जास्तच जळलं.

अनीशनं विचारलं, "काका, पूररेषेच्या नकाशात घर कुठं येतं?"

"लाल रेषेत," बिरदेवच बोलला. "अटी घालून बांधकामाला परवानगी मिळती. निळ्या रेषेच्या आत असतं तर नवं काय बांधू दिलं नसतं."

घर निळ्या रेषेच्या आतच होतं.

"आणि पाणी किती येतं?"

"पायरीला लागतं," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. बिरदेवनं पिशवीतून इसाराचा कागद काढला.

ऋचा फोटोसमोर उभी होती. "पुरुषांना पाण्याचं काही आठवत नाही," ती म्हणाली. "आमचे बाबा सांगतात गुडघाभर, आई सांगते ओट्याला लागलं होतं. डबे हलवणारीलाच विचारावं. काकू असत्या तर त्यांनाच विचारलं असतं."

मी उठलो. "मग इचार तिला," म्हणालो आणि फोटो काढून खाली ठेवला.

कुंकू काळपट पडलं होतं, पण बोटं ओळखू येत होती. ऋचा भिंतीला लागून उभी राहिली. खालचे ठसे तिच्या डोळ्यांना आले. वरचे तिच्या डोक्याच्या बरेच वर होते. "अनीश, इकडं ये," ती हळूच म्हणाली.

"आवं काका, डोकं फिरलं का काय तुमचं?" बिरदेव म्हणाला.

"निळ्या रेषेच्या आत हाय हे घर," मी अनीशला सांगितलं. "महापालिकेत जाऊन नकाशा बघ. माझं ऐकू नगंस, ह्याचंबी न्हाई."

सगळे गेले. दारातून मी बघत होतो. गाडीवर बसायच्या आधी तिनं त्याची कॉलर सरळ केली. वळणाआड जाईपर्यंत माझी नजर हलली नाही. खरं सांगितलं म्हणून जळायचं थांबलं नव्हतं.

फोटो काढताना हात पुरला होता, लावताना खिळा दिसेना. म्हणून स्टूल आणलं. त्याचा एक पाय आखूड आहे. वर चढल्यावर ते डुगडुगायला लागलं तसा मी खाली उतरलो.

फोटो भिंतीला टेकवून ठेवलाय, ठशांच्या खाली.